बायबल खिशात आहे की, मग वचन पाठ कशाला करायचं?

युवक संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्ये एक फोटो फिरत होता, सूर्योदयाचा, वर ठळक अक्षरात 'जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो' आणि खाली बारीक अक्षरात 'पवित्र शास्त्र'. आमेन आमेन झालं, हात जोडलेले इमोजी पडले, दोघातिघांनी स्टेटसला पण ठेवलं. आता गंमत अशी की हे वाक्य बायबलमध्ये कुठेच नाही. याच अर्थाची गोष्ट इसापाच्या नावावर सापडेल, बायबलमध्ये नाही, उलट रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात पौल म्हणतो की आपण दुर्बळ होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे जवळजवळ उलटंच. आणि खात्री करायला एआय चॅटबॉटला विचारलंत तर तो बऱ्याचदा बरोबर सांगेल, पण कधीकधी नसलेलं वचन अध्याय नि क्रमांकासकट इतक्या आत्मविश्वासाने ठोकून देतो की आपणच गप्प बसू.

हे सगळं अशा काळात की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही मंडळीत जा, पास्टरांनी 'स्तोत्र 91 काढा' म्हटलं की पानांचा आवाज कमी येतो, बोटं स्क्रीनवर फिरतात. बायबल कधी नव्हे इतकं जवळ आलंय. यूव्हर्जन हे बायबल अ‍ॅप 2008 ला आलं आणि 2021 पर्यंत 50 कोटी डाऊनलोडच्या वर गेलं, मराठीसकट असंख्य भाषा त्यात फुकट आहेत. मग मंडळीच्या रविवारच्या शब्बाथशाळेत पोरांना वचनं घोकायला लावणं म्हणजे कॅल्क्युलेटर असताना पावकी-निमकी शिकवणंच झालं की, असं पालकच विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायच्या आधी डोक्यात नेमकं काय होतं ते बघायला लागेल.

ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं

आत्ता फोन उघडून 23वं स्तोत्र वाचा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, पुढची ओळ यायच्या आधीच मान डोलते, 'हे मला येतंय' असं अगदी आतून वाटतं. आता फोन उलटा ठेवा आणि मोठ्याने म्हणा. कुरण येतं, संथ पाणी येतं, मग बहुतेकांची गाडी तिसऱ्या वचनाला अडते, काहीजण थेट मृत्युच्छायेच्या दरीत उडी मारतात आणि पाचव्यात ताट आधी की तेल आधी यावर घरात वाद होतो. सगळी मिळून वचनं सहाच आहेत.

समोर दिसलेलं ओळखणं आणि समोर काहीच नसताना आतून काढणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सोपं, दुसरं अवघड. तोंडपाठ म्हणजे दुसरं. आणि फोनवर रोज वचन वाचण्याने आपली फक्त पहिल्याची प्रॅक्टिस होते, पण वाटतं मात्र दुसरं झालं. सगळा घोटाळा इथेच आहे, बाकीचा लेख याच एका गोष्टीभोवती फिरतो म्हणा ना.

अ‍ॅपमध्ये ते सलग दिवसांचं खातं असतं बघा, इतके दिवस न चुकता उघडलं म्हणून शाबासकी. वाईट नाही, सवय लागते. पण ते मोजतं काय, तर उघडलं का. राहिलं का ते मोजत नाही. मला तर काही लोक रात्री 11:55 ला झोपाळू डोळ्यांनी नुसतं अ‍ॅप उघडून बंद करताना माहीत आहेत, खातं तुटू नये म्हणून.

फोनमुळे आठवण खरंच बिघडते का?

2011 साली बेट्सी स्पॅरो आणि तिच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'सायन्स' मासिकात आला, खूप गाजला. लोकांना साधी माहितीची वाक्यं कॉम्प्युटरवर टाईप करायला दिली, निम्म्यांना सांगितलं हे सेव्ह होणार, निम्म्यांना सांगितलं पुसलं जाणार. पुसलं जाणार असं ज्यांना वाटलं त्यांना जास्त आठवलं. म्हणजे कुठेतरी ठेवलंय हे कळलं की मेंदू कष्ट घेत नाही. आणखी एक निघालं, ते म्हणजे काय लिहिलं होतं यापेक्षा कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलंय हे लोकांना जास्त लक्षात राहिलं.

पण लगेच 'मोबाईलने पिढी बिघडली' म्हणून भाषण ठोकायला उठू नका. त्याच पेपरातला एक वेगळा प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी परत करून बघितला, 2018 ला त्याचे निकाल आले, तेव्हा तो तसा निघाला नाही. त्यामुळे फोन डोकं रिकामं करतो असं छातीठोक कुणी सांगत असेल तर जरा दमानं घ्या. एवढं मात्र नक्की की जी गोष्ट आपण कधी आतून काढतच नाही ती आत पक्की होत नाही, आणि फोन हातात असला की आतून काढायची वेळच येत नाही.

'अहो, प्रत्येक नव्या गोष्टीला नावं ठेवतातच लोक'

ठेवतात, आणि फार जुनी खोड आहे ती. प्लेटोच्या एका संवादात गोष्ट आहे, लिहिण्याची कला शोधणाऱ्या देवाला इजिप्तचा राजा सुनावतो की याने लोक विसरभोळे होतील, आतून आठवायचं सोडून बाहेरच्या खुणांवर विसंबतील. म्हणजे आज आपण फोनला जे म्हणतो ते तेव्हा लिखाणालाच म्हणून झालंय.

आणि आपण ज्याला पारंपरिक पाठांतर समजतो, म्हणजे 'योहान 3:16 म्हण बघू', ते तरी किती जुनं? बायबलचे आजचे अध्याय 13व्या शतकात स्टीफन लँग्टनने पाडले असं मानतात आणि नव्या कराराला आजचे वचन-क्रमांक रॉबर्ट एस्तियेन या छापखानेवाल्याने 1551 मध्ये दिले. त्याआधी दीड हजार वर्षं कुणी '3:16' म्हटलेलं नाही, कारण ते नव्हतंच. लोकांना पाठ असायचे ते सलग उतारे, स्तोत्रं, दाखले. 119वं स्तोत्र बघा, 176 वचनं, आणि मूळ हिब्रूत 22 अक्षरांच्या वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षरावरून आठ-आठ वचनं सुरू होतात, म्हणजे पुढचं काय याचा धागा कवितेतच बांधून ठेवलाय.

आपल्याकडे तर हे काम फारच सुंदर झालंय. खानापूरहून चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट फादरने 1616 मध्ये ख्रिस्तपुराण छापलं, ते मराठीत आणि ओवीत, कारण ऐकणाऱ्यांना वाचता येणं गरजेचंच नव्हतं, पुराण ऐकायची सवय कानाला आधीच होती. पुढे तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनं लिहिली ती आजही आमच्या उपासनेत लोक पुस्तक न उघडता म्हणतात. बेळगावात तर 1820 पासून लंडन मिशनचं काम सुरू झालं, तेव्हापासून शिकलेल्यांपेक्षा ऐकलेल्यांचीच संख्या जास्त असणार, आणि विश्वास टिकला तो कानावर. चाल असली की पुढचा शब्द कुठला याचे पर्याय कमी होतात, म्हणून गाणं पटकन बसतं. फोनला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, साधनं बदलतच आलीत, प्रत्येक साधनाने आपापल्या जातीचं पाठांतर आणलंय.

दिवसाचं वचन आणि त्याच्या शेजारची वचनं

फोनने जे खरं नुकसान केलंय ते माझ्या मते विसरण्यापेक्षा हे आहे. एकेक वचन सुटं झालं. सकाळी नोटिफिकेशन, रंगीत चौकट, मध्ये एक ओळ.

आमच्याकडे एसएसएलसी आणि पीयूसीच्या, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की दोन वचनांचा पूर येतो. एक फिलिप्पैकरांस 4:13, मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करायला शक्तिमान आहे. पोरं हॉलतिकिटाच्या कव्हरवर लिहितात, क्रिकेटच्या बॅटवर पण बघितलंय. पण याच्या शेजारचंच 12वं वचन वाचा, पौल म्हणतोय पोट भरलेलं असणं आणि उपाशी असणं, दोन्ही मी शिकलोय. आणि हे पत्र तो कैदेतून लिहितोय. म्हणजे 'सर्व काही' मध्ये नापास झाल्यावर उभं राहणं पण येतं, हे त्या पोराला कुणी सांगतच नाही.

दुसरं यिर्मया 29:11, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. लोक याचा अर्थ घेतात रिझल्ट चांगला लागणार. त्याच्या आदल्या, 10व्या वचनात काय आहे? बाबेलात 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! ज्यांना हे पत्र गेलं त्यातल्या बहुतेकांनी ती परत येण्याची वेळ बघितलीच नसणार. त्यांना सांगितलं होतं घरं बांधा, मळे लावा, तिथेच राहा. धीर यातही आहे, पण तो परीक्षेच्या निकालापेक्षा फार मोठ्या पल्ल्याचा धीर आहे.

म्हणून माझं मत असं की दहा सुटी वचनं पाठ करण्यापेक्षा एक अख्खं लहान स्तोत्र पाठ करा. 117वं तर दोनच वचनांचं आहे, सुरुवात तिथून करा हवं तर. ('येशू रडला' हे योहान 11:35 सांगून बक्षीस मागणारे शब्बाथशाळेत दरवर्षी असतातच, त्यांना पण नमस्कार.)

'ही तर नुसती पोपटपंची'

हा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि बायबलच तो स्वतः उभा करतं. मत्तय 4 मध्ये येशू अरण्यात आहे, उपाशी आहे, हातात गुंडाळी नाही काही नाही, आणि तिन्ही परीक्षांना तो जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन देऊन उत्तर देतो. पाठांतराचा यापेक्षा मोठा दाखला नाही म्हणून आपण तो मुलांना सांगतो. पण मधल्या परीक्षेत सैतान पण वचनच म्हणतो, 91व्या स्तोत्रातलं, देवदूत तुला हातांवर झेलतील ते. शब्द त्याचे बरोबर आहेत. म्हणजे पाठ असणं हे काही चांगुलपणाचं सर्टिफिकेट नव्हे, ज्यांना वाटतं जास्त वचनं म्हणजे जास्त विश्वास त्यांनी हा अध्याय परत वाचावा.

पण उलट बाजू पण बघा, अर्थ कळला तर पाठांतर सोपं होतं, हे दोघे एकमेकांचे शत्रू नाहीत. हर्मन एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस, आठवणीचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्याच्यापासून सुरू झाला असं म्हणतात, त्याने स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये छापले. निरर्थक अक्षरं तो पाठ करायचा आणि किती विसरलो मोजायचा. पहिल्या तासाभरातच अर्ध्याहून जास्त कष्ट वाया गेलेले असायचे, मग विसरण्याचा वेग कमी व्हायचा. त्यानेच तुलनेला बायरनची कविता पाठ केली, तर निरर्थक अक्षरांच्या साधारण दहाव्या भागाइतक्या कष्टात ती झाली, कारण तिला अर्थ होता, लय होती, यमक होतं. म्हणून वचन घोकायच्या आधी कोण कुणाला कधी बोलतंय एवढं तरी पोराला सांगा, निम्मं काम तिथेच होतं.

मग करायचं कसं

आपल्या भागातल्या माणसाला हे उसाच्या पाण्यावरून पटकन कळेल. अख्ख्या उन्हाळ्याचं पाणी एका दिवसात सोडलं तर ऊस जगत नाही, वरून वाहून जातं, पाळी पाळीनेच द्यायला लागतं आणि दोन पाळ्यांत जमीन थोडी वाफशावर यायला लागते. पाठांतराचं तसंच आहे, शनिवारी रात्री एकच वचन तीस वेळा घोकण्यापेक्षा आज, उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने असं थोडं थोडं. मधल्या काळात थोडं विसरायला झालं की चांगलंच, कारण परत आठवताना जो ताण पडतो त्यानेच ते खोल जातं.

आणि प्रत्येक पाळीला वाचायचं नाही, आधी आठवायचं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवणाऱ्यांना 61 टक्के. शब्बाथशाळेच्या वर्गात आपण रविवारी लगेच विचारतो ना, तेव्हा घोकणारं पोरच हुशार दिसतं.

साधन साधं आहे. जुन्या लग्नपत्रिका पाठीमागे कोऱ्या असतात, त्या कापून चिठ्ठ्या करा, एका बाजूला 'स्तोत्र 23:3' एवढंच, दुसऱ्या बाजूला वचन. कुंद्याच्या मिठाईचे रिकामे बॉक्स तीन घ्या. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या आठवड्यातून दोनदा, तिसऱ्यातल्या रविवारी. न बघता आलं की चिठ्ठी पुढच्या बॉक्समध्ये, अडलं की परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने ही पद्धत 1970 च्या दशकात लोकांपुढे आणली, आज फोनमधली पाठांतराची अ‍ॅप्स याच हिशोबाने चालतात. म्हणजे फोन पण वापरा की, फक्त त्याला वचन ठेवायची पेटी करण्याऐवजी परीक्षा घेणारा मास्तर करा. आधी म्हणा, मग स्क्रीन बघा.

बाकी हे काही फक्त आपल्याला सुचलेलं नाही. शेजारच्या मोहल्ल्यात हाफिज होणारी, म्हणजे कुराण पाठ करणारी पोरं रोज नव्या सबकाबरोबर, म्हणजे धड्याबरोबर जुना भाग ऐकवतातच, गावातली माळकरी मंडळी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, खानापूरकडचे कोंकणी कॅथलिक घरात रोझरी म्हणतात. 'जुनं रोज थोडं' हे सगळ्यांनाच कळलेलं आहे, आपणच फक्त स्पर्धेच्या आठवड्यात जागे होतो.

पण कुठल्या भाषेत?

हा प्रश्न पुण्याच्या लेखात येणार नाही, आमच्याकडे पहिला येतो. आज्जी मराठी शाळेत शिकलेली, 1956 च्या आधी तर हा भाग मुंबई राज्यातच होता, तिचं बायबल मराठी. नातू इंग्लिश नाहीतर कन्नड मीडियमला. बोलतो मराठी, पण देवनागरी अडखळत वाचतो, 'सार्वकालिक'ला तर थांबतोच. मग तो इंग्रजी अ‍ॅपवरून पाठ करतो, आज्जी विचारते "काय पुटपुटुलास रे?", तो म्हणतो "वचन की आज्जी", आणि दोघांचं 23वं स्तोत्र एकच असून एकत्र म्हणता येत नाही.

माझा सल्ला असा, नियम नव्हे. ज्या भाषेत पोर घाबरल्यावर बोलतं ती भाषा घ्या. ती मराठी असेल आणि वाचता येत नसेल तर वाचायची अट काढून टाका, आज्जीच्या आवाजात व्हॉइस नोट रेकॉर्ड करा, एक वचन, मग थोडी मोकळी जागा, त्या जागेत पोराने पुढचं वचन स्वतः म्हणायचं आणि मग आज्जीच्या आवाजाशी ताडायचं. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्ही गेली तरी हे चालतं. कन्नड घट्ट असेल तर कन्नडमध्ये करा, देवाला सीमाप्रश्न नाही.

एक गोष्ट मात्र पाळा, आवृत्ती एकच धरा. अ‍ॅपमध्ये जुनी मराठी, सोपी मराठी सगळं एका टिचकीवर आहे, समजून घ्यायला दोन्ही वाचा, पण आज एकीतून आणि उद्या दुसरीतून पाठ केलंत तर शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऐन वेळी दोन्ही अर्धी येतात.

'आता वय झालं, डोक्यात काही राहत नाही'

नवं शिकायला वेळ जास्त लागतो हे खरं, शिकताच येत नाही हे खरं नाही. साठीनंतर पाळ्या जरा जवळ जवळ द्या, मोठ्याने म्हणा, चालीवर म्हणा. आणि लहानपणी केलेलं किती टिकतं हे तुम्ही बघितलं असेल, विसरण्याचा आजार झालेल्या माणसांना घरच्यांची नावं आठवत नाहीत पण 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं की पुढची प्रार्थना ओठांवर येते, असं पुष्कळ घरांत दिसतं. ऑपरेशन थिएटरच्या दारात फोन काढून घेतात, तिथे आत काय न्यायचं हे आधीच ठरलेलं असतं.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती

वचन पाठांतर स्पर्धा बंद करू नका, तारीख बदला. आत्ता काय होतं, पोर आदल्या रात्री पंधरा वचनं कोंबतं, स्टेजवर धडाधड म्हणतं, स्टीलचा डबा घेऊन घरी जातं आणि पंधरवड्याने त्याला त्यातली तीनसुद्धा येत नाहीत. त्यापेक्षा एकच स्तोत्र द्या, आगेमागे कोण बोलतंय ते दोन रविवार समजावा, स्पर्धा घ्या, टाळ्या वाजवा, पण डबा देऊ नका. दोन महिन्यांनी एका साध्या रविवारी, आधी न सांगता, तेच स्तोत्र परत विचारा आणि डबा तेव्हा द्या. पहिल्या वर्षी डबे बरेच उरतील, कपाटात ठेवा, पुढच्या वर्षी लागतील.